टॅकोमाचा पूल रेझोनन्सने पडला नाही

ओळंबा

भौतिकशास्त्राच्या वर्गात रेझोनन्स, म्हणजे अनुनाद, शिकवायची वेळ आली की फळ्यावर आधी झोपाळा येतो आणि मग पडद्यावर ती फिल्म. एक लांबलचक झुलता पूल ओला कपडा पिळावा तसा पिळतोय, मधोमध एक गाडी घसरतेय, आणि शेवटी डेकचा, म्हणजे रस्ता असलेल्या भागाचा, मोठा तुकडा खाली पाण्यात. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. सोबतचं स्पष्टीकरणही ठरलेलं: वाऱ्याची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, म्हणून पूल पडला.

मी पुलांच्या डिझाइनमध्ये बरीच वर्षं काढली आणि मधली काही वर्षं शिकवलंही. सुरुवातीला मीही हेच सांगायचो. ते चूक आहे. चूक फक्त शब्दाची असती तर धागा काढला नसता. पण पूल पडण्याचं कारणच चुकीचं सांगितलं की त्यातून घ्यायचा धडाही चुकतो.

आधी घटना. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्यूजेट साउंड नावाचा समुद्राचा आत शिरलेला भाग आहे. त्यातल्या एका चिंचोळ्या पट्ट्याला टॅकोमा नॅरोज म्हणतात. एका काठावर टॅकोमा शहर, पलीकडे किटसॅप द्वीपकल्प. १ जुलै १९४० रोजी इथला झुलता पूल वाहतुकीला खुला झाला. दोन टॉवरमधलं अंतर २,८०० फूट, म्हणजे ८५३ मीटर. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट आणि न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल सोडले तर तेव्हा जगात याहून लांब गाळा कुठेच नव्हता.

वाहतूक फार होणार नाही या हिशेबाने रस्ता दोनच पदरी ठेवला होता. त्यामुळे रुंदी फक्त ३९ फूट. गाळ्याच्या तुलनेत बहात्तराव्या भागाइतकी. गोल्डन गेटमध्ये हेच प्रमाण साधारण सत्तेचाळिसावा भाग आहे. आणि डेकला ताठपणा द्यायला दोन्ही कडांना होते सलग पत्र्याचे गर्डर, म्हणजे तुळया, उंची फक्त ८ फूट. गाळ्याच्या साडेतीनशेव्या भागाइतके. एखादी मीटरभर लांबीची पट्टी घ्या, जाडी तीन मिलिमीटरपेक्षाही कमी. तिच्यावर रस्ता आहे असं समजा.

बांधकाम चालू असतानाच डेक वर-खाली व्हायला लागला होता. मळमळू नये म्हणून कामगार लिंबं चोखत काम करायचे असं सांगतात. पूल सुरू झाल्यावर लोकांनी त्याला ‘गॅलपिंग गर्टी’ नाव दिलं, दुडक्या चालीने धावणारी गर्टी. पुढची गाडी लाटेखाली दिसेनाशी होते आणि पुन्हा वर येते, हे अनुभवायला लोक मुद्दाम टोल भरून येत होते.

७ नोव्हेंबर १९४०. सकाळी वारा ताशी ४२ मैल, म्हणजे सुमारे ६७ किलोमीटर. जोराचा, पण वादळ म्हणावं असा नाही. पुलाचं डिझाइन याच्या दुपटीहून जास्त वेगाच्या वाऱ्याचा स्थिर दाब सोसेल असं केलेलं होतं. डेक नेहमीसारखा वर-खाली होत होता, मिनिटाला ३८ वेळा. दहाच्या सुमारास गाळ्याच्या मध्यावर उत्तरेकडच्या केबलवरचा पट्टा घसरला आणि चालच बदलली. वर-खाली थांबलं आणि पीळ सुरू झाला. अर्धा गाळा एका कुशीवर, उरलेला अर्धा त्याच वेळी दुसऱ्या कुशीवर. मिनिटाला सुमारे १२ ते १४ वेळा, म्हणजे एक फेरा जवळपास पाच सेकंदांचा. डेक ४५ अंशांपर्यंत कलत होता, एका बाजूचा फुटपाथ दुसऱ्यापेक्षा २८ फूट वर. तासाभराने, अकरा वाजून गेल्यावर, मधला सहाशे फुटांचा तुकडा पडला आणि काही मिनिटांत उरलेला गाळाही गेला.

मुख्य केबल मात्र तुटल्या नाहीत. टॉवरही उभे राहिले, फक्त मधलं वजन गेल्यावर त्यांचे माथे काठाकडे साडेतीन मीटरहून जास्त ओढले गेले. तुटले ते डेकला धरून ठेवणारे हँगर आणि डेक स्वतः. ताकद कमी पडली म्हणून पूल पडला, हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही. तासभर पाच-पाच सेकंदांनी पिळवटलं तर तुटणारच. खरा प्रश्न असा की तो पीळ वाढतच का गेला?

जरा वेळाने पुढचं लिहितो.

चांदणवेल

फार छान सुरुवात. ती गाडी कुणाची होती? आणि गाडीत एक कुत्रा होता असं वाचल्यासारखं आठवतंय.

ओळंबा

@चांदणवेल, हो. गाडी लेनर्ड कोट्सवर्थ यांची. ते टॅकोमाच्याच एका वर्तमानपत्रात संपादक होते. पुलाच्या मध्याकडे जात असताना गाडीवरचा ताबा सुटला. ते बाहेर पडले आणि साडेचारशे मीटरच्या आसपास अंतर, बरंचसं रांगत, टोलनाक्यापर्यंत आले. गुडघे सोलवटून निघाले होते. मागच्या सीटवर मुलीचा कुत्रा होता, टबी.

त्याला सोडवायला एक छायाचित्रकार गेला, नंतर वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक फर्क्युहरसन गेले. कुत्रा इतका भेदरला होता की त्याने प्राध्यापकांना चावा घेतला आणि बाहेर यायला तयार झाला नाही. त्या दिवशी गेलेला तो एकच जीव.

आता फिल्म पुन्हा पाहिलीत तर एक गोष्ट बघा. एक माणूस पुलाच्या मधल्या रेषेवरून चालत येताना दिसतो. ते फर्क्युहरसन. दोन्ही कडा कित्येक मीटर वर-खाली होत असताना मधली रेषा जवळजवळ जागेवर असते, कारण पीळ तिच्याभोवतीच पडतोय. पाठ्यपुस्तकात न हलणाऱ्या बिंदूला आपण निस्पंद म्हणतो ना, तो इथे एक ठिपका नव्हता, अख्खी रेषा होती. त्यांना ते माहीत होतं आणि त्या ज्ञानावर भरवसा ठेवून ते त्या रेषेवरून चालत आले. ही फिल्म मी कितीदा पाहिली असेल, पण त्या चालीशी अजूनही थांबतो.

नवशिका

मी बारावीत आहे. सर, पण मग रेझोनन्स नाही तर काय? आमच्या पुस्तकात स्पष्ट रेझोनन्सच लिहिलंय. परीक्षेत काय लिहू?

ओळंबा

@नवशिका, परीक्षेचं तुझ्या सरांना विचार. समजून घ्यायचं असेल तर असं बघ.

झोपाळ्यावर एक मूल बसलंय आणि तू मागून ढकलतोयस. तुझ्या ढकलण्याला तुझा स्वतःचा ताल आहे. झोपाळा थांबलेला असला तरी तू त्याच तालात हात पुढे करू शकतोस. तो ताल झोपाळ्याच्या तालाशी जुळला की झोका वाढतो. हा रेझोनन्स. यात बाहेरचं बळ आधीपासून ठरावीक वारंवारतेचं असतं.

वाऱ्याला असा ताल नव्हता. तो एकसारखा वाहत होता. मग ताल आला कुठून? पुलाकडूनच.

डेक थोडा पिळला की त्याची वाऱ्याकडची कड वर किंवा खाली होते. त्या कडेला तो ८ फुटी सलग पत्रा, अगदी भिंतीसारखा. हवा त्यावर आपटते, फुटते आणि तिचा एक भोवरा डेकवरून मागच्या कडेकडे सरकत जातो. भोवरा असतो तिथे दाब कमी असतो. तो सरकायला जो वेळ घेतो, त्यामुळे हवेचं बळ डेकच्या हालचालीच्या जरासं मागे-पुढे पडतं. वारा हळू असेल तर हे बळ हालचालीला विरोध करतं आणि डोलणं विरून जातं. वाऱ्याने एक ठरावीक वेग ओलांडला की गणित उलटतं. डेक ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने हवा त्याला ढकलायला लागते. डेक जास्त हलला की हवेचं बळही जास्त, बळ जास्त की हलणंही जास्त. डेक थांबवला तर हे बळही नाहीसं होतं, कारण ते जन्मालाच हालचालीतून आलेलं असतं.

इंजिनिअर याला फ्लटर म्हणतात. विमानांच्या पंखांच्या बाबतीत हे आधीपासून माहीत होतं. अवमंदन, म्हणजे डॅम्पिंग, हा शब्द तुला माहीत असेल: हलणारी वस्तू हळूहळू थांबते ते त्यामुळे. इथे हवेने दिलेलं डॅम्पिंग ऋण झालं. पुलाच्या पोलादात आणि सांध्यांत जे थोडंफार डॅम्पिंग होतं ते त्याला पुरलं नाही.

फरक कुठे पडतो? रेझोनन्समध्ये ठरावीक वेगालाच धोका असतो, वारा आणखी वाढला तर ताल चुकतो आणि धोका टळतो. फ्लटरमध्ये तो क्रांतिक वेग ओलांडला की पुढे सगळाच धोका. म्हणून पुलाच्या जागी जास्तीत जास्त वारा किती येईल हे बघायचं आणि क्रांतिक वेग त्याच्या बराच वर ठेवायचा. इथे डिझाइनचा सगळा विचारच वेगळा होतो.

गणितमास्तर

ओळंबा, धागा वाचतोय, पण थोडी तक्रार आहे. रेझोनन्सच्या बाजूनेही बोलायला हवं. वाऱ्यात अडथळा असला की मागे आळीपाळीने वर-खाली भोवरे सुटतात, कारमनचे भोवरे. त्यांना ताल असतो. तो पुलाशी जुळला असेल तर? हाताने गणित करून पाहतो.

भोवऱ्यांची वारंवारता म्हणजे स्ट्राउहाल अंक (अडथळ्याच्या आकारावर ठरणारा आकडा) गुणिले वाऱ्याचा वेग भागिले अडथळ्याची उंची. वेग ४२ मैल, म्हणजे सेकंदाला १८.८ मीटर. उंची ८ फूट, म्हणजे २.४ मीटर. अशा आकाराला स्ट्राउहाल अंक ०.१२ च्या आसपास धरला तर ०.१२ × १८.८ ÷ २.४ = ०.९४. म्हणजे सेकंदाला जवळपास एक.

आणि पूल पिळत होता पाच सेकंदांना एक, म्हणजे ०.२.

जवळपास पाचपट फरक. तुमचं म्हणणं माझ्याच कागदावर सिद्ध झालं. बसून गणित केल्याशिवाय मी हे मानलं नसतं.

ओळंबा

@गणितमास्तर, हेच गणित के. युसुफ बिल्ला आणि रॉबर्ट स्कॅनलन यांनी १९९१ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये मांडलं होतं. पुस्तकांतलं रेझोनन्सचं स्पष्टीकरण का बदलायला हवं, हाच त्या लेखाचा विषय. स्कॅनलन यांनी त्याआधी १९७१ मध्येच डेकच्या फ्लटरचं गणित मांडायची पद्धत बसवून दिली होती. पुलांच्या डिझाइनमध्ये आजही तीच वापरतात.

पण तुमच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. चार महिने पूल जो वर-खाली व्हायचा, तो बऱ्याच अंशी भोवऱ्यांच्या तालामुळेच. तिथे रेझोनन्सच्या जवळचं काहीतरी चालू होतं. त्याने लोकांना घाबरवलं, पण पूल पाडला नाही. पाडला तो शेवटच्या तासातल्या पिळाने. दोन वेगळ्या गोष्टी एकाच फिल्ममध्ये एकामागून एक आल्या आणि पुस्तकांनी दोन्ही एकाच धड्यात घातल्या.

पोलादी

मी स्टील स्ट्रक्चर्समध्ये आहे. माझ्या मते या धाग्यात अजून मुख्य आरोपीचं नाव आलं नाही. पैसा. राज्याच्या महामार्ग खात्याचे इंजिनिअर क्लार्क एल्ड्रिज यांनी आधी जे डिझाइन केलं होतं त्यात २५ फूट उंच ट्रस, म्हणजे पोलादी पट्ट्यांची त्रिकोणी जाळीदार चौकट, होता. खर्चाचा अंदाज १ कोटी १० लाख डॉलर. केंद्र सरकारच्या ज्या संस्थांकडून पैसा यायचा होता त्यांना तो जास्त वाटला. न्यूयॉर्कचे पूल-इंजिनिअर लिऑन मॉइसेफ यांनी ट्रसच्या जागी ८ फुटी गर्डर सुचवला आणि प्रकल्प ८० लाखांच्या आसपास आला. २५ चे ८ झाले, तिथेच पूल पडला. बाकी सगळा तपशील आहे.

ओळंबा

@पोलादी, आकडे बरोबर आहेत. पण निष्कर्ष मला पटत नाही.

मॉइसेफ पैसे वाचवण्यासाठी वाट्टेल ते सुचवणारा माणूस नव्हता. झुलत्या पुलांच्या गणितात त्या काळी त्यांच्याएवढा अधिकार फार थोड्यांकडे होता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन पुलासाठी त्यांनी डिफ्लेक्शन थिअरी वापरली. गोल्डन गेटचेही ते सल्लागार होते. ही थिअरी सांगते की गाळा जितका लांब आणि केबल जितकी जड, तितका केबलचा ताणच पुलाला ताठ ठेवतो, डेकचा ताठपणा कमी लागतो. यात चूक काहीच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन पूल १९३१ मध्ये ताठपणा देणाऱ्या ट्रसशिवायच सुरू झाला आणि उभा राहिला. पण तो रुंद आणि प्रचंड जड होता. वाऱ्याला त्याच्याशी खेळता आलं नाही.

थिअरी वजनाचा आणि स्थिर वाऱ्याचा हिशेब करत होती. हलणारी हवा आणि हलणारा डेक एकमेकांशी काय करतात, हा प्रश्न त्या समीकरणांत नव्हताच. उत्तर चुकलं नाही, प्रश्नच विचारला गेला नाही. दरवेळी पूल थोडा आणखी सडपातळ झाला, दरवेळी टिकला आणि प्रत्येक टिकलेला पूल पुढच्यासाठी पुरावा ठरला. टॅकोमामध्ये दोनच पदर असल्याने वजनही कमी, रुंदीही कमी. ज्या गोष्टींनी आधीचे पूल वाचले, त्याच इथे काढून घेतल्या गेल्या.

आणि मला खरोखर अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट: हे सगळं टॅकोमाच्या शंभर वर्षं आधीच माहीत होतं. इंग्लंडमधला ब्रायटनचा साखळ्यांवर टांगलेला, समुद्रात गेलेला बोटींचा धक्का १८३६ मध्ये वादळात मोडला, तेव्हा एका लष्करी अधिकाऱ्याने त्याची चित्रं काढून ठेवली. डेक पिळलेला त्यात स्पष्ट दिसतो. अमेरिकेत ओहायो नदीवरचा व्हीलिंगचा पूल, गाळा १,०१० फूट, बांधून पाच वर्षं झाली आणि १७ मे १८५४ ला वाऱ्याने पडला. झुलते पूल बांधणारे इंजिनिअर जॉन रोब्लिंग यांनी यातून धडा घेतला. नायगाऱ्यावरचा त्यांचा १८५५ चा रेल्वे पूल बघा: वजन, उंच ट्रस, वरून ताणून बांधलेले तिरपे तार. ब्रुकलिन पुलावरचे तिरपे तार तुम्ही फोटोत पाहिले असतील, ते त्याच विचारातून आलेले.

पुढच्या पिढ्यांनी तो ताठपणा म्हणजे गणित येत नव्हतं म्हणून घातलेला जादा माल समजला. चांगलं गणित हाती आलं, माल कमी करत गेले. तो माल कशासाठी होता हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

पोलादी

तरीही मी माझ्या मुद्द्यावर आहे. एल्ड्रिज यांना ‘पूर्वीच्या गोष्टी’ माहीत असोत-नसोत, त्यांचा २५ फुटी ट्रस उभा राहिला असता तर ही चर्चा झाली नसती. सवयीने घातलेला जादा माल कधी कधी ज्ञानापेक्षा जास्त शहाणा असतो.

पण मॉइसेफबद्दल लिहिलंत ते पटलं. त्यांना एकट्याला दोषी धरणं बरोबर नाही. चौकशी समितीनेही तसं केलं नाही ना?

ओळंबा

नाही केलं. समितीत तिघे होते: ऑथमार अमान, थिओडोर फॉन कारमान आणि ग्लेन वुड्रफ. १९४१ मधल्या त्यांच्या अहवालाचा मथितार्थ असा की त्या वेळच्या मान्य पद्धतीनुसार डिझाइन आणि बांधकाम दोन्ही नीट होतं. म्हणजे दोष पद्धतीतच होता. अमान यांच्या स्वतःच्या ब्रॉन्क्स-व्हाइटस्टोन पुलालाही असेच सलग गर्डर होते. १९४६ मध्ये त्यावर ट्रस चढवावे लागले. समितीतला एकजण स्वतःच्याच पुलाचा विचार करत हा अहवाल लिहीत असणार, असं मला नेहमी वाटतं.

मॉइसेफ १९४३ मध्ये गेले.

सावली

ओळंबाकाका, मला इंजिनिअरिंगमधलं कळत नाही, पण झुलता पूल म्हटलं की मला गुजरातमधलं मोरबीच आठवतं. ३० ऑक्टोबर २०२२. १३५ माणसं गेली. तिथेही लोक पूल हलवत होते असं दाखवत होते. ते असंच काही होतं का?

ओळंबा

@सावली, नाही, आणि हे स्पष्ट लिहायला हवं. मोरबीत वाऱ्याचा संबंध नव्हता. तपास पथकाच्या अहवालात आलं की एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, बहुधा आधीच तुटलेल्याही. जुने हँगर नव्यांना वेल्डिंग करून जोडले होते. लाकडी फळ्यांऐवजी नवा डेक घातला, त्याने वजन वाढलं. त्यात एका वेळी नको तितकी माणसं सोडली. लोकांनी पूल हलवला म्हणून तो पडला, असं म्हणणं म्हणजे गेलेल्यांवरच दोष टाकणं. धड असलेल्या पुलाला तेवढं हलणं सहज सोसलं असतं.

मोरबीच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर टॅकोमा नाही, सिल्व्हर ब्रिज. ओहायो नदीवरचा, १९२८ चा. केबलऐवजी टोकांना भोक असलेल्या पोलादी पट्ट्यांची साखळी, प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूला सुमारे अडीच मिलिमीटर खोल चीर पडली होती. साखळी सोडवल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं. १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीत ती पट्टी तुटली, तिच्या जोडीला दुसरी एकच, आणि अख्खा पूल गेला. ४६ माणसं. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशभर लागू होणारे नियम आले.

टॅकोमात पोलाद नवंकोरं होतं, एक माणूस मेला नाही. म्हणून त्याची फिल्म आपण वर्गात निवांत दाखवतो. मोरबी किंवा सिल्व्हर ब्रिज असं दाखवता येणार नाही.

सावली

धन्यवाद काका. हे मला कुणीतरी असं सरळ सांगायला हवं होतं.

रानवारा

टॅकोमा पडायच्या आधी चार महिने कुणीच काही केलं नाही का? इतकं हलत होतं तर बंद का नाही केला?

ओळंबा

केलं, बरंच केलं. काठाजवळच्या गाळ्यांचे गर्डर जमिनीवरच्या ५० टनी काँक्रीटच्या ठोकळ्यांना केबलने बांधले. त्या केबल लवकरच तुटल्या. मध्यावर मुख्य केबल आणि डेक यांना तिरपे बांध घातले. ७ नोव्हेंबरला घसरला तो पट्टा याच बांधाचा. टॉवरपाशी झोके शोषून घेणारे हायड्रॉलिक बफर बसवले होते. रंगाआधी पोलादावर वाळूचा मारा केला त्यात त्यांची सीलं खराब झाली आणि ते निकामी झाले.

फर्क्युहरसन तर विद्यापीठात मॉडेलच बनवून बसले होते. एक अख्ख्या पुलाचं, १:२०० प्रमाणात, आणि डेकच्या तुकड्याचं १:२० चं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी दोन उपाय पुढे ठेवले: सलग गर्डरला भोकं पाडायची म्हणजे हवा आरपार जाईल, किंवा कडेला वळणदार पत्रे लावून वाऱ्याला वाट करून द्यायची. भोकं पाडली की परत बुजवता येत नाहीत, म्हणून दुसरा उपाय निवडला. अभ्यास संपला आणि पाच दिवसांनी पूल पडला.

बंद का नाही केला? कारण चार महिने तो हलला आणि टिकला. हलणं हे त्याचं वैशिष्ट्य झालं होतं, त्याला लाडाचं नाव होतं. धोक्याला एकदा नाव पडलं की तो धोका वाटेनासा होतो. एका विमा एजंटने तर आठ लाख डॉलरच्या विम्याचा हप्ता स्वतःच्या खिशात घातला, पूल कशाला पडतोय म्हणून. पुढे तो तुरुंगात गेला.

चांदणवेल

बाप रे, आठ लाख!

रानवारा

मग आता हा प्रश्न कायमचा सुटला का? नव्या पुलांना वाऱ्याचा धोका नाही?

ओळंबा

@रानवारा, फ्लटरमुळे मोठा पूल पडल्याचं त्यानंतर घडलं नाही, कारण आता विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून पाहायच्या बोगद्यात, मॉडेल तपासल्याशिवाय लांब गाळ्याचं डिझाइन पुढे जात नाही. टॅकोमाचा दुसरा पूल युद्ध आणि पोलादाच्या टंचाईमुळे उशिरा, १४ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाला: चार पदर, ३३ फूट उंच ट्रस आणि रस्त्यात हवा जाण्यासाठी जाळीचे पट्टे. गोल्डन गेटही १ डिसेंबर १९५१ च्या वाऱ्यात इतका डोलला की काही तास बंद ठेवावा लागला, मग खालून आडवे बांध घातले. पुढे ब्रिटनच्या सेव्हर्न पुलाने १९६६ मध्ये वेगळीच वाट काढली: ट्रसची उंची नको, डेकच विमानाच्या पंखासारखा निमुळता, चपटा. वाऱ्याशी झुंजायचं नाही, त्याला फुटू न देता जाऊ द्यायचं. जपानचा आकाशी काइक्यो, १,९९१ मीटर गाळा, तिथे पुन्हा ट्रस, पण रस्त्यात जाळ्या आणि मध्ये उभे पत्रे.

पण हालचाल संपलेली नाही. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाला १९९८ मध्ये सुरू होण्याआधीच भोवऱ्यांमुळे झोके यायला लागले आणि डेकखाली मार्गदर्शक पत्रे लावावे लागले. आणि ५ मे २०२० ला चीनमधला हुमेन पूल. गाळा ८८८ मीटर, १९९७ पासून व्यवस्थित चालू. दुरुस्तीच्या कामासाठी कडेला पाणी भरलेले प्लास्टिकचे कठडे रांगेने मांडले. तेवढ्याने डेकच्या कडेचा आकार बदलला आणि पूल लाटेसारखा हलायला लागला. कठडे उचलले. पूल वाचला, मोडला नाही.

म्हणजे ज्याने ते कठडे मांडले त्याच्या डोक्यात सुरक्षा होती, हवा नव्हती.

पोलादी

हुमेनचं उदाहरण मी आमच्या साइटच्या मीटिंगमध्ये वापरणार आहे. तात्पुरत्या गोष्टींना आम्ही कधीच लोड म्हणून मोजत नाही, आकार म्हणून तर मुळीच नाही.

नवशिका

सर, शेवटचा प्रश्न. फिल्ममध्ये पीळ तुम्ही म्हणता त्यापेक्षा जलद दिसतो. मला तरी पाच सेकंदांचा एक फेरा वाटत नाही.

ओळंबा

@नवशिका, बरोबर पाहिलंस. ती फिल्म काढणारे दोघे टॅकोमातलं कॅमेऱ्याचं दुकान चालवायचे. मूळ चित्रण सेकंदाला १६ चित्रांच्या वेगाने झालं होतं. नंतरच्या बहुतेक प्रती २४ च्या वेगाने चालवलेल्या आहेत. म्हणजे सगळं दीडपट वेगाने दिसतं. गंमत अशी की पुलाचं गणित समजून घ्यायला अनेकांनी फिल्मवर घड्याळ लावलं आणि चुकीची वारंवारता घेऊन बसले.

तूही लाव. पण दीडपट लक्षात ठेव.

गणितमास्तर

माझ्याने राहवलं नाही. मुलीला स्टॉपवॉच धरायला दिला आणि दहा फेरे मोजले. ३३ सेकंद लागले, म्हणजे एकाला ३.३. दीडने गुणलं तर ४.९५.

नवशिका

मला ३.४ आले. सर, माझं ५.१ होतं.